गणिती भास्कराचार्य

खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग पसरली आहे. तिच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये वसलेले रावेर हे तालुक्याचे गाव आहे. तेथून आगगाडीने निघालेला प्रवासी भुसावळ, जळगाव व पाचोरा ही स्थानके मागे टाकून चाळीसगावला पोचतो. खानदेशची दक्षिण सीमा येथून जवळच आहे आणि ती सह्याद्रीच्या एका फाट्याने आखली आहे. त्या डोंगरांच्या कुशीत, दाट झाडीत पाटण नावाचे जुने स्थान आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. आज तेथे चंडिकादेवीचे मंदिर आहे आणि भोवती अरण्य आहे. आठशे वर्षांपूर्वी मात्र तेथे नांदते नगर होते. त्या नगरात एक मठ होता आणि त्या मठात विद्यार्थी गणित व ज्योतिष शिकण्यासाठी जमत. ज्या घराण्याचे ग्रंथ तेथे शिकविले जात, त्यातील सर्वांत थोर पुरुष म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. प्राचीन काळचे ग्रंथकार स्वतःविषयी सहसा काही लिहीत नसत. त्यामुळे कित्येक थोर पंडितांचा काळ ठरविताना संशोधकांना फार कष्ट पडतात. भास्कराचार्यांनी तसे कष्ट मागे ठेवले नाहीत. आपले जन्मवर्ष, गोत्र, वडिलांचे नाव आणि गावाचे नावही त्यांनी ग्रंथातच नोंदविले. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे विज्जडविड कोणते, याविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहे. कोणी ते पाटणाजवळ मानतात, तर कोणी कर्नाटकातील विजापूर म्हणजेच विज्जडविड असे मानतात. विजापूर सह्याद्रीपासून बरेच दूर आहे आणि भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तर पाटणालाच सापडला. तेव्हा पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

या घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. भास्कराचार्यांचा भास्करभट्ट नावाचा एक पूर्वज होता. त्याला धारचा विद्याप्रेमी राजा भोज याने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे स्वतः उत्तम ज्योतिषी होते. भास्कराचार्यांनी गणिताचे व ज्योतिषाचे पाठ वडिलांपाशीच घेतले आणि आपल्याला मिळालेल्या ज्ञानाचे श्रेय त्यांनी ग्रंथात वडिलांनाच दिले.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांपैकी लीलावती हा अंकगणिताचा भाग सर्वांत लोकप्रिय झाला. त्यात कमळांवर बसणारे भुंगे आहेत, झाडावरून उडी घेणारी माकडे आहेत, सापावर झेप घेणारा मोर आहे. रुक्ष वाटणारा हिशेब अशा गोष्टींतून आला, की विद्यार्थ्याचे मन त्यात रमते, हे आचार्यांनी ओळखले होते. अकबर बादशहाच्या दरबारातील फैजी या कवीने १५८७ साली लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाची शुभवेळ हुकली, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा त्या भाषांतरातून पसरली. कथा गोड आहे; पण भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती कोठेही नाही. म्हणून तिला आख्यायिका समजणेच योग्य.

लीलावतीचा आरंभ मोठा विचार करण्याजोगा आहे. ईश्वराला वंदन करून झाले, की आचार्य एकदम बेरीज-वजाबाकीकडे वळत नाहीत. प्रथम ते बाजारात शिरतात. त्या काळी नाणी, वजने व मापे यांची पायरी सर्वत्र दहाची नसे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, असा पैशाचा हिशेब होता. सोन्याच्या वजनाचा हिशेब निराळा : दोन यवांची एक गुंज, तीन गुंजांचा एक वल्ल आणि आठ वल्लांचा एक धरण. लांबीचा आणखी निराळा : आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात आणि चार हातांचा एक दंड. काळ मोजताना साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचा एक अहोरात्र. कोठे वीस, कोठे चार, कोठे आठ, तर कोठे साठ! ज्याला या पायऱ्या नीट चढता-उतरता येत नसत, त्याची बाजारात फसगत होण्यास वेळ लागत नसे. धान्य विकून आलेल्या शेतकऱ्याला कवड्यांचे पण किती झाले हे समजले नाही, तर सावकार सांगेल तो आकडा त्याला मुकाट्याने मान्य करावा लागे. म्हणून आचार्यांनी ही कोष्टके सर्वांआधी दिली.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या वाण्यापाशी ११५० कवड्या आहेत. त्यांचे मोठे नाणे किती? प्रथम २० ने भागावे. भागाकार ५७ येतो आणि बाकी १० उरते. या झाल्या ५७ काकिणी व १० कवड्या. आता ५७ ला ४ ने भागावे. भागाकार १४ आणि बाकी १. म्हणजे १४ पण, १ काकिणी आणि १० कवड्या. चौदा पणांचा द्रम्म होत नाही, कारण त्याला सोळा पण लागतात. तेव्हा हिशेब येथेच थांबतो. यात दोनच गोष्टी ध्यानात धरावयाच्या. भागाकार वरच्या पायरीवर जातो आणि बाकी खालच्या पायरीवर राहते. थैलीतील धन मात्र काही वाढले नाही व काही घटले नाही. ते सांगण्याची तऱ्हा तेवढी बदलली.

कोष्टकांनंतर आचार्य संख्यांच्या स्थानांची नावे सांगतात. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष असे चढत चढत ते अठराव्या स्थानापर्यंत, परार्धापर्यंत जातात. येथे प्रत्येक पायरी दहाची आहे. ११५० या संख्येत १ सहस्र, १ शत, ५ दश आणि ० एक आहेत. जो अंक जेथे बसेल तेथली किंमत त्याला मिळते; आणि जेथे काही नाही तेथे शून्य त्या जागेचे रक्षण करते. ही व्यवस्था व्यवहारासाठी पूर्वीच्या लोकांनी ठरविली, असे आचार्य स्पष्ट सांगतात. म्हणजे दहाची पायरी माणसाने सोयीसाठी निवडलेली आहे. माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत, एवढेच बहुधा तिचे कारण. कवड्यांच्या हिशेबात जशी वीसची किंवा चारची पायरी चालते, तशी संख्या लिहितानाही दुसरी एखादी पायरी चालू शकेल.

आठाची पायरी खानदेशातील बाजाराला नवी नव्हती. यवांचे अंगुल आठाचेच. जुन्या वजनांत शेराचा आठवा भाग म्हणजे नवटाक. जुन्या रुपयाचे सोळा आणे होत व एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्ट म्हणजे आठ वेळा आठ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली, तेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे रावेरच्या बाजारातूनही शेर व नवटाक मागे पडले आणि त्यांची जागा किलोग्रॅमने घेतली. आठाची पायरी व्यवहारातून गेली. पण ती थोड्याच वर्षांत दुसऱ्या दाराने परत आली. ते दार संगणकाचे होते.

भास्कराचार्यांनी आठाच्या पायरीवर संख्या लिहिल्या नाहीत. परंतु त्यांच्या कवड्यांच्या रीतीत सर्वत्र आठाची पायरी धरली, की संगणकाचे जाणकार जिला अष्टमान पद्धती म्हणतात तीच तयार होते. या पद्धतीत ० पासून ७ पर्यंत आठच अंक असतात. स्थाने एक, आठ, चौसष्ट, पाचशे बारा अशी चढतात. आचार्यांच्या ग्रंथाचे साल ११५० आहे. ते अष्टमानात लिहावयाचे आहे असे समजा. ११५० ला ८ ने भागले, की भागाकार १४३ व बाकी ६. १४३ ला ८ ने भागले, की १७ व बाकी ७. १७ ला भागले, की २ व बाकी १. २ ला आणखी भागता येत नाहीत. ते सर्वांत वरच्या पायरीवर राहतात. आता शेवटच्या पायरीपासून मागे वाचीत जावे : २१७६. पडताळा घेणे अवघड नाही. दोन वेळा ५१२ म्हणजे १०२४, एक वेळा ६४, सात वेळा ८ म्हणजे ५६ आणि सुटे ६. एकूण ११५० भरतात.

याच रीतीने आचार्यांचे जन्मवर्ष १११४ हे अष्टमानात २१३२ असे होते. २१७६ मधून २१३२ वजा केले, की ४४ उरतात. ग्रंथ लिहिताना आचार्य चव्वेचाळीस वर्षांचे होते काय? तसे नाही. हे ४४ अष्टमानातील आहेत. चार वेळा आठ आणि वर चार, म्हणजे छत्तीस. वय तेच, लिहिणे निराळे.

संगणकाला ही आठाची पायरी का हवी झाली? संगणकाच्या अंतर्भागात विजेचा संकेत एक तर असतो किंवा नसतो. म्हणून त्याच्या संख्या १ आणि ० या दोनच अंकांत साठविलेल्या असतात. ११५० ही संख्या तेथे १०००११११११० अशी दिसते. एवढी लांबलचक ओळ वाचताना माणसाचा डोळा चुकतो. पण उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडले, की १०, ००१, १११, ११० असे चार गट होतात आणि प्रत्येक गट म्हणजे अष्टमानाचा एक अंक : २, १, ७, ६. अकरा अंकांची ओळ चार अंकांत मावते आणि त्यासाठी भागाकारही करावा लागत नाही.

संगणकाला कामाच्या आज्ञा देण्यासाठी माणसाने ज्या भाषा रचल्या, त्यांत या पद्धतीची सोय केलेली असते. १९७० नंतरच्या दशकात सी नावाची एक भाषा पुढे आली. संख्या अष्टमानात दाखवावयाची असेल, तर त्या भाषेत छापण्याच्या आज्ञेत टक्क्याच्या चिन्हापुढे ओ हे इंग्रजी अक्षर लिहितात. पुढे पायथन ही भाषा आली. तिच्यात ऑक्ट या नावाची आज्ञा आहे. तिला ११५० दिले, की ती आधी शून्य व ओ ही खूण लावून २१७६ हे उत्तर देते. उलट दिशेने यावयाचे, तर इंट या आज्ञेला २१७६ हे अंक आणि ८ ही पायरी, अशा दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. त्या कळल्या, की ती ११५० परत देते. पायरी सांगितली नाही, तर संगणक ती संख्या दहाचीच समजतो आणि आचार्यांचा ग्रंथ एकविसाव्या शतकाच्याही पुढे, २१७६ साली लिहिला जाणार आहे असे ठरवून मोकळा होतो. यंत्राला त्यात काही वावगे वाटत नाही.

म्हणूनच संख्येबरोबर तिच्या पायरीची खूण ठेवण्याला महत्त्व आले. सी या भाषेत ही खूण फार लहान आहे : संख्येच्या आधी केवळ एक शून्य. त्यामुळे कोणी सहज म्हणून ०१० असे लिहिले, तर ती भाषा त्याचा अर्थ दहा असा घेत नाही, आठ असा घेते. शाळेत संख्येच्या डावीकडील शून्याला किंमत नसते असे शिकलेल्या माणसाची येथे हमखास गफलत होते. ही गफलत टाळण्यासाठी पायथन भाषेच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत शून्यापुढे ओ हे अक्षर लिहिणे आवश्यक केले गेले. नुसत्या शून्याने आरंभ होणारी तशी संख्या ती भाषा स्वीकारीत नाही. काकिणी, पण, द्रम्म ही नावे आचार्य ज्या काळजीने प्रत्येक आकड्याला लावीत, तीच ही काळजी होय.

भास्कराचार्यांची बुद्धी अंकगणितावर थांबली नाही. बीजगणितात त्यांनी एक विलक्षण प्रश्न सोडविला आहे. एका संख्येचा वर्ग करावा, त्याला ६१ ने गुणावे आणि १ मिळवावा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. शून्य सोडले, तर अशी सर्वांत लहान संख्या कोणती? प्रश्न दिसायला सोपा, पण चाचपडत उत्तर शोधणाऱ्याचे आयुष्य सरेल. ती संख्या २२,६१,५३,९८० आहे आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. पूर्वसूरींकडून आलेली चक्रवाल नावाची रीत आचार्यांनी सुधारून वापरली आणि थोड्या पायऱ्यांत हे उत्तर मिळविले. पाचशे वर्षांनंतर, १६५७ साली, फ्रान्समधील थोर गणिती फर्मा याने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला. तो भारतात केव्हाच सुटला आहे, याची त्याला वार्ताही नव्हती.

गोलाध्यायात त्यांनी पृथ्वी गोल असून ती कशाच्याही आधाराशिवाय अंतराळात राहते, हे युक्तिवादाने पटवून दिले आहे. मग ती सपाट का दिसते, अशी शंका कोणीही घेईल. आचार्यांचे उत्तर असे, की मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच भासतो; पृथ्वी अतिशय मोठी व माणूस अतिशय लहान, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो. तापीच्या काठच्या सपाट शिवारात उभे राहून क्षितिजाकडे पाहिले, की हे उत्तर चांगले उमगते. आकाशातील वेध घेण्यासाठी त्यांनी अनेक यंत्रांचे वर्णन केले आहे. परंतु त्या सर्वांहून बुद्धी हे यंत्र श्रेष्ठ, असा त्यांचा अभिप्राय होता.

उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नाही. इसवी सन ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पंचांग करणाऱ्यांना सोपे पडावे म्हणून त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर हाही विद्वान निघाला. देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालाने त्याला आपल्या पंडितांमध्ये मानाचे स्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला.

या चांगदेवापुढे एक प्रश्न होता. त्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात. कोणी शिकणारा नसला, की पोथ्यांची नक्कल होत नसे; आणि नक्कल झाली नाही, की वाळवी व ओल मिळून शंभर वर्षांत पोथीचा फडशा पाडीत. आजोबांचे ग्रंथ कठीण होते. ते शिकविणारे व शिकणारे सतत असले, तरच टिकतील अशी स्थिती होती. चांगदेवाने पाटण येथे खास या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. निकुंभ कुळातील सोइदेव या स्थानिक राजाने आणि पुढे हेमाडिदेवाने मठाला दान दिले. १२०७ साली ही सारी हकीकत शिळेवर कोरली गेली.

पुढे यादवांचे राज्य लयाला गेले. पाटण ओस पडले, मठही नाहीसा झाला. लीलावतीच्या पोथ्या मात्र तोवर भारतभर पोचल्या होत्या. काशीपासून केरळापर्यंत पंडितांनी तिच्यावर टीका लिहिल्या आणि १८१७ साली कोलब्रुक याने तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भारताने १९७९ व १९८१ साली पृथ्वीची पाहणी करण्यासाठी दोन उपग्रह अवकाशात पाठविले, त्यांना भास्कर हेच नाव देण्यात आले. त्याच नावाचा आणखी एक गणिती सातव्या शतकात होऊन गेला. हा मान दोघांचाही आहे.

पाटणची शिळा रानात पडून होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी देवीच्या पडक्या मंदिरात ती शोधून काढली व तिच्यावरील लेख जगापुढे आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याच्या पिढ्या सांगितल्या आहेत. शेवटच्या ओळी मात्र त्या काळच्या मराठीत आहेत. कारण त्या पंडितांसाठी लिहिलेल्या नसून गावातील वाण्यांसाठी व तेल्यांसाठी आहेत. गावात जितके घाणे चालतील, तितक्यांनी मठाला पळी पळी तेल द्यावे आणि बाजारातील माल मठाच्या मापाने मोजावा, असे त्यांत ठरवून दिले आहे.